एकदाच विचारणाऱ्यांच्या गावात

सासूबाई शनिवारी पुण्याला परत जाणार होत्या आणि त्यांनी जाऊ नये असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. सासरे गेल्यापासून तिथे त्या एकट्या, फ्लॅटमध्ये टीव्हीशी बोलत बसायच्या. व्हिसा बराच शिल्लक होता. "उन्हाळाभर राहा म्हणून तिला नीट विचारतो," नवरा म्हणाला. या नीट विचारण्यासाठी यॉर्कची दोन दिवसांची ट्रिप निघाली. लंडनमधल्या क्रॉयडनच्या आमच्या घरात, रोजच्या डायनिंग टेबलावर ते विचारता येत नव्हतं म्हणे. साहेबांना त्यासाठी मध्ययुगीन तटबंदी लागत होती.

तटावर वारा नुसता बोचत होता. नवरा फलक वाचून दाखवत होता: रोमन आले, मग व्हायकिंग, मग नॉर्मन. जो आला तो गाव बळकावून बसला. "आणि आपल्याला मेला व्हिजिटर व्हिसा," मी म्हटलं. आई खुदकन हसल्या. तेव्हाच विचारायचं की नाही? पण हा बाबा निघाला पुढच्या फलकाकडे.

संध्याकाळी तिथल्या भल्याथोरल्या चर्चमध्ये प्रार्थनेची गाणी ऐकायला गेलो. आई स्वतः भजनी मंडळात गातात, पेटीही वाजवतात. दारातल्या झगेवाल्या आजोबांनी अदबीनं विचारलं, अगदी गाणाऱ्यांच्या शेजारी एक जागा आहे, मॅडमना आवडेल का? मॅडमचे डोळे लकाकले आणि तोंडाने म्हणाल्या, "नो नो, थँक यू."

आता हा काय नकार झाला? आपल्याकडे ही नुसती सुरुवात. समोरच्याने "असं कसं, या की" म्हणायचं, आपण "कशाला उगीच" म्हणायचं, मग त्याने हाताला धरायचं आणि आपण उपकार केल्यासारखं जाऊन बसायचं. आजोबा "ऑफ कोर्स" म्हणाले आणि मागच्या बाईंना जागा देऊन मोकळे झाले. आईंनी सगळं गाणं एका खांबाआडून ऐकलं.

"दुसऱ्यांदा विचारतच नाहीत मेले," बाहेर आल्यावर त्या पुटपुटल्या.

"अगं, इथे नाही म्हणजे नाही. सरळ कारभार," नवरा म्हणाला. "मला तर हेच आवडतं." जसं काही यानेच ही पद्धत इंग्रजांना शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या ब्रेकफास्टला त्याला अखेर कंठ फुटला. "आई, तिकीट पुढे ढकलू का? राहतेस उन्हाळाभर?"

आईंनी बशीतला टोस्टचा चुरा बोटाने गोळा केला. "नको रे. तुमची कशाला अडचण?"

"बरं," तो म्हणाला. "तुला जसं सोयीचं." आणि लागला टोस्टला लोणी फासायला.

मी टेबलाखालून अशी लाथ घातली की चहा हिंदकळला. "काय झालं?" हा ठोंब्या मलाच विचारतो! शेवटी मीच म्हटलं, "अहो आई, अडचण कसली? राहा ना." पुन्हा म्हटलं, हाताला धरून म्हटलं. त्यांनी माझा हात थोपटला.

"तू म्हणतेस गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण त्याने तर लगेच ऐकलं."

ठरल्याप्रमाणे त्या गेल्या. विमानतळावर नवरा हमसून हमसून रडला, आणि मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली.