दोरावर कोण होतं

आमची पलटण चीनमधल्या एका बंदरात, परदेशी वसाहतीच्या भिंतीवर तैनात होती. बाहेरच्या शहरात तिथलेच दोन पक्ष एकमेकांशी लढत होते. वसाहतीत चार देशांच्या फौजा होत्या. चौघांची संमती असल्याशिवाय कोणतंही गेट उघडायचं नाही, असा करार होता. मी सिग्नलचा हवालदार. चारही फौजांच्या मुख्य ठाण्यांच्या टेलिफोन लाइन माझ्या बोर्डावर येत.

नाईक सुकदेवची ड्यूटी माझ्याजवळच होती. मी बुऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेतला, तो जवळच्याच बहादरपूर गावचा. त्याचे वडील कुंडी भंडाऱ्यात काम करत. तिथे जमिनीखालच्या पाण्याच्या वाटेवर ओळीने विहिरी, म्हणजे कुंड्या, आहेत. गाळ काढायला माणूस दोराने खाली सोडतात. सुकदेव फौजेत येण्याआधी वर दोर धरायचा.

"भाऊ, तुम्ही इतवाऱ्यावाले नुसतं बोलून पाणी काढता," तो म्हणायचा.

"आणि तू?"

"मी काढतो अन् चूप बसतो."

एके दुपारी शहर जिंकलेल्या पक्षाने समोरच्या वस्तीत घरं तपासायला सुरुवात केली. माणसं बाहेर काढून रांगेत उभी करत होते. आधी गोळ्यांचे आवाज एकदम आले. नंतर एकेक येऊ लागले. रांगेतल्या माणसांना एकेक करून मारत होते. बायका-मुलं आमच्या गेटवर धडकली आणि मुठींनी लोखंड ठोकू लागली.

कॅप्टनसाहेब म्हणाले, "चारही ठाण्यांना विचार. गेट उघडायची परवानगी. अर्जंट."

पहिल्या ठाण्याने विचारलं, "बाकीचे काय म्हणतात?"

दुसरं म्हणालं, "पहिल्याचा होकार आला का?"

तिसरं म्हणालं, "वर कळवलंय. थांबा."

चौथ्याची घंटी वाजत राहिली.

"पुन्हा विचार."

मी पुन्हा पहिल्या ठाण्याचा प्लग लावला.

सुकदेवने कॅप्टनसाहेबांना विचारलं, "साहेब, गेट बंद ठेवायची ऑर्डर आहे. भिंतीची काही ऑर्डर आहे का?"

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "भिंतीची नाही."

सामान चढवायचा दोर पडला होता. सुकदेवने त्याचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं खाली सोडलं. मुलं वर येऊ लागली. दोन जवान त्यांना आत घेत होते. भिंतीवर डोकं दिसता कामा नये, हा आमचा नियम. दोरावर माणूस असेपर्यंत वरच्याने नजर काढायची नाही, हा कुंडीचा. सुकदेव अर्धा बाहेर वाकून उभा होता.

"नाईक, डोकं खाली!" साहेब ओरडले.

"हां साहेब," तो म्हणाला, पण वाकूनच राहिला.

गोळी गळ्याला लागली. तो आतल्या बाजूला कोसळला आणि दोर त्याच्या वजनाने ताणलेला राहिला. त्या दोन जवानांनी मिळून दोर वर ओढून घेतला. तोवर सुकदेव गेला होता.

त्यानंतर चौथं ठाणं बोललं. चौघांची संमती होती. गेट उघडलं. बाहेर जिवंत कोणी नव्हतं.

सध्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या एका देशातल्या यादवीच्या बातम्या येतात. मोठी राष्ट्रं एकमेकांचं मत विचारत आहेत. त्या विचारण्याचा आवाज मी कानाला लावून ऐकला आहे. आपल्या गावच्या सभांनी सरकारला तार करावी, सर्व राष्ट्रांनी मिळून आधी लोकांना वाट द्यावी, दोष कोणाचा ते मागून ठरवावं, एवढी मागणी करावी. एका गावाच्या तारेने काय होणार, असं लोक म्हणतील. मला माहीत नाही. पण थांबून काय होतं ते मला माहीत आहे.

रजेवर आलो तेव्हा बहादरपूरला गेलो. सुकदेवचे वडील ओसरीवर दोर वळत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"दोरावर कोन व्हतं?"

"एक बाई. पाठीला मूल बांधलेलं."

"वर आली?"

"आली, काका."

आता त्यांचे हात थांबले.

"मूल बी?"

"मूल पण, काका."