खाडी रंगवणारे काका

वर्सोव्याच्या खाडीकाठी आमच्या सोसायटीचं गेट आहे आणि गेटवर वॉचमनची, म्हणजे माझी, खुर्ची. रविवारी तिच्यावर पार्ल्याचे एक काका चित्र काढायला बसतात आणि मी उभा राहतो. याच खाडीचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी काढलेलं जलरंगातलं चित्र त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. तो चित्रकार नेमका माझ्या खुर्चीच्या जागी बसला होता, असं त्यांचं पक्कं मत. "त्यानं दिसलं तेच काढलं, मीही तेच करणार," म्हणतात आणि पलीकडचा मोबाइलचा टॉवरसुद्धा मन लावून रंगवतात.

मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. ही नोकरी मिळाली म्हणून रोज देवाला हात जोडतो. त्यामुळे काका बसले की माझी नजर सुपरवायझरांच्या वाटेवर असते. पण 'जेवलास का रे?' असं विचारणारे इथे तेवढे एकच. त्यांना ऊठ कसं म्हणायचं?

एकदा आमचे सुपरवायझर समोरून आले आणि वाळत घातलेल्या बोंबलांपाशीच थांबून ओरडले, "ए, खुर्ची कोणाला दिलीस? उद्यापासून येऊ नको."

काका ब्रश न थांबवता म्हणाले, "साहेब, हलू नका. चित्रात आलात."

सुपरवायझरांनी पोट आत घेतलं आणि काका 'झालं' म्हणेपर्यंत ते उन्हात तसेच उभे राहिले. मग घाईघाईनं बघायला आले. बोंबलांच्या शेजारी तांदळाएवढा ठिपका होता.

"एवढाच मी?"

"इथून तेवढेच दिसता."

त्यांनी वाकून ठिपका पुन्हा एकदा बघितला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या रविवारी जरा जवळ कुठं उभा राहू, ते काकांना विचारून ठेव."