एक सोडून एक दिवा

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी नगरपालिकेत वायरमन होतो. मुरुडहून रोज एसटीने यायचो. गावात नव्या कचेऱ्या उघडत होत्या, नव्या पाट्या लागत होत्या, आणि पाऊस नव्हता. शेतात पिकलं नाही म्हणून मोंढ्यात माल येईना. माल नाही म्हणून नाक्यावर जकात नाही, आणि नगरपालिका तर जकातीवरच चालायची. आमचे पगार लांबायला लागले. मग विजेचं बिल थकलं.

मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावून हुकूम दिला. रस्त्यावरचे दिवे एक सोडून एक काढायचे. फक्त कलेक्टर कचेरीच्या रस्त्याला हात लावायचा नाही, तिथं बाहेरचे लोक येतात. शिडी धरायला माणूस मागितला, तर म्हणाले, माणसं सगळी टँकरवर गेलीत. मग मी शिडी दोरीनं खांबाला बांधून दिवे उतरवू लागलो. लोक थांबून बघायचे. एका किराणा दुकानदाराने दिवा नेल्याची पावती मागितली. तसलं पावतीपुस्तक नगरपालिकेत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी एका दाईच्या गल्लीत पोचलो. माझ्या बहिणीची दोन्ही बाळंतपणं हिनेच केलेली. तिच्या दारातला खांब दुसरा होता, म्हणजे जाणारा. मी शिडी लावली तशी ती बाहेर आली. अपरात्री बोलवायला येणारी माणसं हा दिवा बघूनच घर ओळखतात, असं तिने सांगितलं. मी हुकूम सांगितला. तिने जरा विचार केला.

"कुठून मोजलास?"

"या टोकापासून."

"मग त्या टोकापासून मोज की."

खांब सहा होते. पलीकडून मोजल्यावर तिचा दिवा राहिला आणि गल्लीच्या तोंडाचा गेला. तिथं तहसील कचेरीतले एक निवृत्त पेशकार राहत. त्यांनीही खांब मोजले आणि अर्ज दिला.

उलटं का मोजलं, असं मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं. हुकमात टोक लिहिलेलं नाही, मी म्हणालो. त्यांनी हुकूम वाचला. खरंच नव्हतं. मग मी दाईचं सांगितलं. एका दारासाठी केलं तर उद्या सगळं गाव इथं येईल, ते म्हणाले, आणि हुकमात 'मुख्य रस्त्याकडून' असं वाढवलं.

मी पेशकारांचा दिवा परत लावला आणि शिडी दाईच्या खांबाला टेकवली. तिला काही सांगावं लागलं नाही. मी बांधायला दोरी उलगडेपर्यंत तिने शिडी दोन्ही हातांनी धरलीही होती.

"मावशी, राहू द्या. बांधतो मी."

"चढ. पडलास तर दवाखान्याला नगरपालिकेकडं पैसे न्हाईत."

वर गेल्यावर बल्ब काही केल्या सुटेना. बहिणीचं थोरलं पोरगं पायाळू होतं, ते हिने कसं सुखरूप काढलं, तेच नेमकं आठवत होतं. तिने खालून शिडी हलू दिली नाही.

दिवे परत लागायला दीड वर्ष गेलं. तोवर ती दारात कंदील टांगायची. रॉकेल रेशनवर, तेही पुरत नसे, म्हणून गल्लीतल्या घरांनी तिला रॉकेल द्यायच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. पेशकारांची पाळी सोमवारी असायची.