धाकटीचा हात

आज कैरीचं लोणचं घातलं. परातीत धाकट्या जावेचा हात मनगटापर्यंत पिवळा झाला होता आणि मी नुसती बघत बसले होते.

आमच्याकडे लोणच्याला एकाच बाईचा हात लागतो. दुसरीचा लागला तर बुरशी धरते, असं सासूबाई मानतात. कैऱ्या धुणं, पुसणं, फोडणं, मोहरी कुटणं माझ्याकडे. मसाला कालवायची वेळ आली की त्या म्हणतात, "थोरले, तू सर बाजूला. धाकटीच्या हाताला गुण आहे."

लहानपणी मला हात म्हणजे पाच बोटं एवढंच ठाऊक होतं. या घरात आल्यावर कळलं, हाताला चव असते, यश असतं. भाजी खारट झाली की माझा हात जड. निवडायला पोतंभर शेंगा आल्या की, "जरा हात लाव गं." एका शब्दाचे इतके अर्थ, आणि त्यातले गोड तेवढे धाकटीच्या वाट्याला.

बरणीला दादरा बांधताना शेजारच्या काकू डोकावल्या. "धाकटीचं लोणचं ना? वाटीभर मला ठेवा हं!"

धाकटी हसली. "अहो, फोडी ताईंनी केल्यात. त्या अशा कोरड्या ठणठणीत नसत्या, तर माझा हात काय करणार होता?"

सासूबाईंनी ऐकलंच नाही. मी ऐकलं आणि जास्तच जळले. तिचा मनापासून राग करावा म्हटलं, तर तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.