करवतीचा मुका मार

“स्प्लीन फाटली आहे,” डॉक्टर म्हणाले. मला काही कळलं नाही, हे त्यांना दिसलं असावं. “स्प्लीन म्हणजे पानथरी. डाव्या बरगड्यांखाली असते. पोटात रक्त साचत चाललंय. आत्ताच पोट उघडावं लागेल.”

त्यांच्या हातातली सिरिंज लाल झाली होती. ते रक्त त्यांनी माझ्या यजमानांच्या पोटातून ओढून काढलं होतं. यांच्या अंगावर मात्र कुठे जखम नव्हती. डाव्या कुशीवर एक आडवा वळ होता, तेवढाच.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. माझे यजमान वामनराव दारं-खिडक्या करतात. घराला लागूनच पत्र्याच्या छपराचा कारखाना आहे आणि त्यात टेबलात बसवलेली गोल करवत. नागपूरच्या प्रतापनगरात तेव्हा नवी घरं उठत होती. मेश्राम मास्तरांच्या घराच्या चौकटी आमच्याकडे होत्या आणि काम मागे पडलं होतं.

गोल करवतीने बोटं जातात, हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. पात्याच्या मागे एक लोखंडी पट्टी उभी असते. चिरलेल्या फळीचे दोन भाग ती एकमेकांपासून दूर ठेवते. चौकटीला खाच पाडताना ती आडवी येते, म्हणून यांनी काढली होती आणि परत लावायची राहून गेली. मग ओलसर सागवान चिरायला घेतलं. लाकडाने पातं आवळलं, मागच्या दातांनी फळी उचलली आणि उलटी फेकली. हे फळीच्या अगदी सरळ रेषेत उभे होते. फळीचं टोक कुशीत बसलं.

समोरून फळी ओढणारा आमचा कारागीर रामदास मला सांगायला घरात धावत आला. मी पोचले तेव्हा हे पाटावर बसून पाणी पीत होते.

“लागलं नाही वं मले, मुका मार हाय,” हे म्हणाले. “तू काहून घाबरून राहिली?”

रक्त नव्हतं, म्हणून मीही मान डोलावली.

दुपारी जेवायला बसले ते दोन घासांवर उठले. आडवे झाले की डावा खांदा दुखायचा. उठून बसले की थोडं बरं वाटायचं, पण मग बसवेना. खाटेवरून ओट्यावर, ओट्यावरून अंगणात, तिथून परत खाटेवर. मी खांद्याला तेल चोळलं. मार लागला कुशीला आणि खांदा का दुखावा, हे मला उमगत नव्हतं. ओझं उचलल्याने भरला असेल, असं दोघांनी मिळून ठरवून टाकलं.

हा माणूस असा नव्हे. रंधा मारायला बसला की भोवती काय चाललंय याचा पत्ता नसलेला. त्याला आज एका जागी ठरता येईना. सारखं पाणी मागत होते, सारखी जांभई. कपाळाला हात लावला तर घाम, आणि तो थंड. मे महिन्याच्या नागपुरात थंड घाम.

“दवाखान्यात चला,” मी म्हटलं.

“जरा झोपू दे मले. उठलो का ठीक होतो.”

“झोपायचं नाही. रामदास, रिक्षा आण.”

“वैनी, भाऊ तं रागावून राहिले,” रामदास दारातून म्हणाला.

“रागावू दे. तू जा.”

सायकलरिक्षा प्रत्येक खड्ड्यात आपटत होती आणि हे दर वेळी माझं मनगट घट्ट धरत होते. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ पांढरे पडले होते. डॉक्टरांनी नाडी धरली, पोट चाचपलं आणि एकच विचारलं, “डावा खांदा दुखतो?” मी हो म्हटलं. पोटात रक्त साचलं की खांद्यात कळ येते, असं त्यांनी नंतर समजावलं.

रक्त हवं होतं. रामदासचं जुळलं, माझं जुळलं नाही. भिवापूरच्या माझ्या दिरांना निरोप गेला होता, पण ते कधी पोचणार? मी वऱ्हांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. नर्सबाई बसायला सांगायची, मी बसायचे आणि पुन्हा उठलेली असायचे. यांची अस्वस्थता जणू माझ्यात उतरली होती.

तेवढ्यात मेश्राम मास्तर आले. ते चौकटींची चौकशी करायला कारखान्यात गेले होते. शेजारणीकडून कळलं तसे सायकलवरून थेट इकडे आले. मला वाटलं, आता कामाचं विचारतील.

“बाई, रक्त कुठं घेऊन राहिले?” त्यांनी विचारलं आणि शर्टाची बाही वर सारली.

त्यांचं रक्त जुळलं. ऑपरेशन झालं, पानथरी काढून टाकली. तिच्यावाचून माणूस जगू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. नंतरचे दिवस लांबलचक होते. नाकातून पोटात नळी, कुशीतून बाहेर दुसरी नळी. वारा सरेपर्यंत पाणी द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद. हे डोळ्यांनी सुरईकडे बोट दाखवल्यासारखं पाहायचे, मी ओला कापूस ओठांना लावायचे. मध्ये ताप चढला. टाके दुखतात म्हणून खोकत नव्हते, त्यामुळे छातीत कफ साठला होता. मग पोटाला उशी दाबून धरायची आणि खोकायला लावायचं, हे काम माझ्याकडे आलं.

“तुले दया येत नाही काय वं?” एकदा ते कळवळून म्हणाले.

“येते. खोका.”

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “आता यांना साधा तापसुद्धा अंगावर काढू द्यायचा नाही. पानथरी नसली की रोगाशी लढायची ताकद कमी होते.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “झोपू दिलं असतं तर सकाळी उठले नसते.” ते वाक्य मी कित्येक दिवस कोणाला सांगितलं नाही.

म्हणून आता सगळ्यांना सांगते. फळी पोटात बसली आणि माणूस म्हणाला मला काही झालं नाही, तरी त्याचं ऐकू नका. खांदा दुखतोय का विचारा. तो एका जागी ठरत नसेल तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, उचलून न्या. आणि घरात करवत असेल तर चालवणाऱ्याला पात्याच्या रेषेत उभं राहू देऊ नका. मागची पट्टी काढली तर परत लावल्याशिवाय बटण दाबू देऊ नका.

मेश्राम मास्तरांच्या चौकटी रामदासने पुऱ्या केल्या. हे दिवाळीनंतर मशीनवर उभे राहिले. मी नको म्हटलं नाही. हातातलं काम सुटलेला माणूस घरात कसा फिरतो, ते मी पाहिलं होतं.

माझी धास्ती मात्र गेलेली नाही. करवत सुरू झाली की मला बसवत नाही. हातातलं टाकून मी दाराशी येते आणि आवाज थांबेपर्यंत तिथेच उभी असते. सुरुवातीला याचा मला त्रास व्हायचा. आता वाटतं, असू दे. आवाज येतो आहे, म्हणजे हे कामावर आहेत.