हट्ट्याला अर्धी राहिलेली म्हैस

हिंगोली स्टेशनवर उतरलो आणि आधी हळदीचा वास आला. मोंढ्याकडे (बाजारपेठेकडे) निघालेल्या ट्रकांमुळे रस्त्याच्या कडेची धूळही पिवळी झाली होती. ह्यांनी पिशवीतून रेशमी झब्बा काढून चुरगळला नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा घडी घातली.

माझे यजमान विनोदी नट. पण त्यांना टीव्हीवर कोणी पाहिलेलं नाही. हास्यकार्यक्रमाचं चित्रीकरण सुरू होण्याआधी स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांना हसवून खुलवायचं, कॅमेरे तयार झाले की बाजूला व्हायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर तेच केलं. आता तेही बोलावणं थांबलंय. म्हणून हिंगोलीकडच्या हट्टा गावच्या मंडळाचा फोन आला, ‘सर, तुमचा कार्यक्रम ठेवायचाय,’ तेव्हा ठाण्याच्या घरात हे आरशासमोर उभे राहून तालीम करू लागले.

मंडळाच्या जीपने औंढ्यावरून सिद्धेश्वरला आलो. धरणाचं पाणी संथ होतं. काठावरच्या खानावळीत तळलेला मासा, ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा खाल्ला. हे मात्र दोन घास खाऊन उठले.

“काहून (का) हो, आवडलं न्हाई का?” खानावळवालीने विचारलं.

“संध्याकाळी कार्यक्रम आहे माझा,” हे म्हणाले. ‘माझा’ शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला.

हट्ट्याला मांडव भरला होता. मंडळाचे अध्यक्ष लगबगीने आले. “सर, पुढारी अजून रस्त्यातच हायेत. येऊनच राहिले. तवर तुमी पब्लिक सांभाळा.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग झब्ब्याची बाही सारखी केली आणि वर चढले.

लोक पोट धरधरून हसले. सासऱ्याचीच म्हैस सासऱ्याला विकायला निघालेल्या जावयाची गोष्ट रंगली. म्हशीने पुलाच्या मधोमध बसकण मारली, दोन्हीकडे गाड्या खोळंबल्या, आणि तेवढ्यात फटाके वाजले. पुढाऱ्यांची गाडी आली होती. अध्यक्षांनी ह्यांच्या हातातला माईक घेतला. हे हात जोडून पायऱ्या उतरले. उतरायची ती सवयीची पद्धत मी ओळखली.

सकाळी एसटीची वाट पाहत होतो. शेजारच्या तांड्यावरची (वस्तीवरची) एक म्हातारी लगबगीने आली.

“तुमीच न्हवं का कालचे? मंग ती म्हस उठली का न्हाई?”

ह्यांचा चेहरा उजळला. “उठली की!”

“कशी काय उठली?”

ह्यांनी तोंड उघडलं, पण गोष्टीचा शेवट आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही ठाऊक नव्हतं. स्टुडिओत म्हैस पुलावर बसेपर्यंत चित्रीकरणाचे दिवे लागायचे आणि हे बाजूला व्हायचे.

“असू द्या,” म्हातारी हसली. “आमच्या बी बसत्यात. मनाला आलं की उठत्यात.” आणि ती आपल्या एसटीकडे गेली.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसून एकेक शेवट जुळवत होते. म्हशीला सासूची हाक ऐकू आली. जावयानेच पुलावर लोळण घेतली. मी प्रत्येक वेळी हसले, आणि प्रत्येक वेळी त्यांनी मान हलवली.

“नवा शेवट करा की,” मी शेवटी म्हटलं.

“करता येईल गं,” ते म्हणाले. “पण पहिला सुचला होता ना, तेव्हा मी एकटाच खोलीत किती हसलो होतो.”

पूर्णा स्टेशन आलं. चहावाला हाका मारत गेला. मी दोन चहा घेतले. त्यांचा तसाच निवला.