सुमित्राची ताणलेली टेप

सिस्टरनं हिचं वय विचारलं. मी म्हणालो, सत्तर. सुमित्रानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बोटानं बाजूला केला आणि म्हणाली, "एकाहत्तर. गोल करू नका." आमच्यातलं हे शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली... आता दीड महिना होईल. इतक्या वर्षांच्या संसारानंतर जाताना बायकोनं नवऱ्याशी दोन शब्द गोड बोलावेत, तर हिनं माझी चूक दुरुस्त केली. मला वाईट वाटलं नाही. ती तशीच होती.

मी टेलर. शाळा चौथीपर्यंत. निपाणीजवळच्या आमच्या गावात लग्न झालं तेव्हा ती मॅट्रिक होती. मी मशीनवर बसायचो, ती शेजारी काजं करता करता मांडीवरचं पुस्तक वाचायची. तशीच बीएस्सी झाली, परीक्षा दिली आणि कर्नाटक सरकारच्या आकडेवारी खात्यात लागली. काम घरोघर फिरून माहिती लिहून आणायचं. बेंगळुरूची ऑर्डर आली तेव्हा मी मशीन बसच्या टपावर बांधलं आणि तिच्यामागं आलो. गावातले हसले. हसू देत. आम्ही राहिलो त्या मारतहळ्ळीत तेव्हा नाचणीची शेतं होती. आता तिथंच आयटीतले लोक ऑनलाइन मागवलेल्या पँटी दोन इंच कमी करायला माझ्याकडं आणतात.

तिला सुरुवातीला देवनहळ्ळीकडची गावं होती. घराला कुलूप दिसलं की बाकीचे शेजाऱ्याला विचारून फॉर्म भरायचे. ही परत जायची. तरी कुलूप असलं तर तिसऱ्यांदा जायची. मी एकदा वैतागून म्हणालो, "त्या चार माणसांवाचून सरकारचं काय अडतंय?" चपला काढता काढता म्हणाली, "सरकारचं नाही अडत. पण ती चौघं मग कुठंच नाहीत असं होतं."

अशी फिरत, खात्याच्या परीक्षा देत, ती त्याच खात्याची संचालक झाली. एका रात्रीत नाही, सगळे केस पिकेपर्यंत वेळ लागला. एकदा जेवताना सांगत होती. एका तालुक्यातनं आलेले फॉर्म अगदी स्वच्छ, कुठं खाडाखोड नाही. म्हाताऱ्यांची वयं एकसष्ट, सदुसष्ट, त्र्याहत्तर. हिनं बघताक्षणी ओळखलं, एका जागी बसून भरलेत. "खऱ्या म्हाताऱ्याला विचारा. तो साठ सांगेल, नाहीतर सत्तर. सगळ्यांचीच वयं इतकी चोख आली, म्हणजे कोणी दारात गेलेलंच नाही." सगळा तालुका पुन्हा फिरायला लावला. वरून फोनावर फोन, अहवालाची तारीख तोंडावर. ही म्हणाली, "उशीर माझ्यामुळं झाला असं लिहा." मी हातातला घास तसाच धरून ऐकत होतो. कापडातली भेसळ माझ्या बोटांना कळते. कागदामागं माणूस नाही, हे या बाईला कसं कळायचं, ते मला अजून उमगलेलं नाही.

पण एक गोष्ट डाचत राहिली. ती संचालक असतानाच आमच्या घरी सर्व्हेवाला आला. मला विचारलं, शिक्षण? मी म्हणालो, दहावी. एवढ्या मोठ्या बाईचा नवरा, चौथी कसं सांगायचं... ही आतून आली. "चौथी लिहा." मी चार दिवस बोललो नाही. पाचव्या दिवशी म्हणालो, "माझी लाज वाटत असेल तर तोंडावर सांग." ती म्हणाली, "माझ्या घरातनं खोटं जाणार नाही." मी विचारलं काय आणि ती बोलली काय. त्यानंतर तिच्या ऑफिसच्या एकाही समारंभाला मी गेलो नाही. तिनंही आग्रह केला नाही. ती रिटायर झाली, आजारी पडली, तरी माझ्या मनातनं ते गेलं नव्हतं.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मंजुळाअक्का आल्या. हिच्या हाताखाली तयार झालेल्या, आता स्वतः मोठ्या अधिकारी. पिशवीतनं एक पिवळी टेप काढली आणि कन्नडात म्हणाल्या, "अण्णा, ही तुमचीच ना?" माझीच. कापडी टेप वापरून ताणते, मग माप चुकतं. म्हणून मी ती कधीच केरात टाकली होती.

"मॅडमनी रिटायर होताना मला दिली," अक्का म्हणाल्या. "सर्व्हेवाल्यांच्या दर नव्या बॅचला पहिल्या दिवशी ही वर धरून दाखवायच्या. म्हणायच्या, माझे यजमान टेलर आहेत, चौथी शिकलेत. मोजायचं कसं, ते मी त्यांच्याकडून शिकले. गिऱ्हाईक पोट आत घेऊन उभं राहतं. ते त्याला टोकत नाहीत. गावाकडचं विचारतात, पोराबाळांचं विचारतात. पोट आपोआप सुटतं, मग माप घेतात. तुम्हीही दारात असंच बोला. आणि आधी आपली टेप ताणलेली नाही ना, ते बघा."

मी असं करतो, हे मलाच माहीत नव्हतं. तिनं काजं करता करता बघितलं होतं. अक्का म्हणाल्या, "स्वल्प चहा मिळेल का, अण्णा?" मी टेप बोटांवर गुंडाळत बसलो. शेवटी चहा त्यांनीच केला.

टेप आता मशीनशेजारच्या खिळ्याला टांगली आहे. मापाला तिचा उपयोग नाही. गेल्या आठवड्यात एक सर्व्हेवाली बाई आली. दोनदा कुलूप बघून गेली होती म्हणे, ही तिसरी खेप. तिला बसवलं, पाणी दिलं. घरात माणसं किती? एक. वय? पंच्याहत्तर ओठावर आलं होतं, चौऱ्याहत्तर म्हणालो. शिक्षण?

"चौथी," मी म्हणालो. पोट आत घेतलं नाही.